बांधावरचे वारूळ: खणून काढावे की राखावे?

खानापूर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या उसाच्या बांधावर मोठे वारूळ आहे आणि ते खणावे की राहू द्यावे, हे त्यांना ठरवता येत नाही.

मेहनतीचा विचार करता खणणे सोपे वाटते, पण नुसता वरचा उंचवटा फोडून काही साधत नाही; राणीची कोठडी आत खोलवर असते आणि ती जिवंत राहिली, तर कामकरी वाळवी ओल्या मातीने वारूळ पुन्हा उभारते. राणीपर्यंत पोहोचायचे तर मजुरी आली, बहुधा कीटकनाशकही आले. राखण्याला खर्च नाही; मात्र लागवडीपूर्वी बेण्यावर प्रक्रिया आणि नंतर वेळेवर पाणी हवेच, कारण कोरड्या जमिनीत वाळवी उसाच्या कांड्या पोखरते.

जमिनीच्या दृष्टीने मला राखणेच मोलाचे वाटते. आपल्याकडची वारूळ बांधणारी ओडोन्टोटर्मिस वाळवी पालापाचोळा व लाकूड आत नेऊन त्यावर बुरशीचे मळे पिकवते, कारण त्या बुरशीच्या मदतीनेच तिला हे कठीण अन्न पचते. तिच्या बोगद्यांतून पाणी मुरते, खालची माती वर येते आणि पावसाळ्यात वारुळावर उगवणारी चविष्ट अळंबीही याच मळ्यांतून येते. नागपंचमीला वारूळ पुजणाऱ्यांना हे ठाऊक असावे, असे मनापासून वाटते.

वारूळ घराच्या लाकडी वाशांजवळ किंवा पाण्याची खात्री नसलेल्या उसालगत असेल, तर राणीसह काढावे. भातखाचराच्या कडेला किंवा माळावर असेल, तर राखावे.