व्हीएस कोडचा पायथन डिबगर: फंक्शन 'नन' देत असेल तर हाच उघडा

राजेहो, व्हीएस कोड या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमधला डिबगर, म्हणजे प्रोग्रॅम मध्येच थांबवून चूक शोधायचं साधन, फुकटात मिळतो, आणि फुकटात मिळणारी गोष्ट इतकी कामाची असेल तर तिच्याबद्दल लिहायलाच पाहिजे. चुलत भावाचा कॉलेजचा प्रोजेक्ट होता, नागपूरच्या मे महिन्याच्या तापमानाचा तासातासाचा डेटा पांडाजमध्ये (पायथनमध्ये टेबलांवर काम करायची लायब्ररी) घेऊन साफ करायचा, कारण हे आकडे डोळे झाकून घेता येत नाहीत, 30 मे 2024 ला इथल्याच एका स्वयंचलित केंद्रानं 56 डिग्री दाखवलेलं आणि मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं होतं. असे आकडे उडवणारं फंक्शन पोरानं लिहिलं. एरर नाही काही नाही, पण हातात नन (None), म्हणजे 'काहीच नाही'. आत काय चाललंय ते पडद्यावर बघायला तो प्रिंटवर प्रिंट टाकत बसला, आणि आतला डेटा तर प्रत्येक वेळी बरोबरच दिसायचा!

इथंच हा डिबगर मला फार आवडतो. ओळीच्या नंबरच्या डावीकडं क्लिक करून लाल ठिपका (ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम थांबायची जागा) टाकायचा, एफ5 नं चालवायचं, आणि फंक्शनमधून बाहेर आलं की व्हेरिएबल्सच्या खान्यात त्यानं काय रिटर्न केलं, म्हणजे परत दिलं, ते वेगळं लिहून येतं. तिथं नन दिसलं की शेवटच्या ओळीवरच नजर जाते. तिथं रिटर्नच्या पुढं टेबल क्रमानं लावणारं सॉर्ट इंडेक्स, कंसात इनप्लेस ट्रू. इनप्लेस दिलं की पांडाज मूळ टेबलच बदलतं, परत काहीच देत नाही. तेवढं काढलं, टेबल आलं.

पण त्यातून मे महिना वेगळा काढला तर हातात फक्त 5 मे! डिबगरच्या वॉच खान्यात तारखांचा कॉलम टाकून पाहिला तर 01/05/2024 ची 5 जानेवारी झालेली, पांडाज सांगितल्याशिवाय महिना आधी धरतं, आणि एरर्स कोअर्स (न जुळणारी तारीख एरर न देता रिकामी सोड) लिहिलेलं म्हणून 13 तारखेपासून पुढचं सगळं गुपचूप एनएटी (NaT), म्हणजे रिकामी तारीख. डेफर्स्ट ट्रू (दिवस आधी धर) दिलं, अख्खा मे हजर. कोअर्सही काढायला लावलं मी, चुकीची तारीख लपवण्यापेक्षा एरर आलेली कधीही बरी.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. फंक्शनच्या आत शिरायचं एफ11 दाबलं तरी पांडाजच्या आत जात नाही, त्यासाठी डिबगरच्या सेटिंगच्या लाँच फाइलमध्ये जस्ट माय कोड फॉल्स करावं लागतं, हे नवीन पोराला कोण सांगणार? मोठ्या लूपमध्ये कंडिशनवाला (अट जुळली तरच थांबणारा) ब्रेकपॉइंट टाकला तर फार रेंगाळतं, तिथं सरळ एका दिवसाचा डेटा कापून घ्या आणि त्यावरच चालवा.