परदेशात सेवेला निघालेल्या रिटायर्ड जोडप्यांसाठी: 5 लिटरचा, स्टीलचा, आतल्या झाकणाचा कुकर

आम्ही दोघं नवरा-बायको रिटायर झाल्यावर चर्चच्या मार्फत झांबियात लुसाकाला सेवेला होतो, आता आमच्या नागपुरातल्या सदरकडची अजून एक-दोन जोडपी जायची तयारी करून राहिलीत आणि सगळे फोन करून हेच विचारतात की सोबत काय न्यायचं. औषधं, कागदपत्रं, स्वेटर याची यादी तुम्हाला मिळेलच, मी फक्त कुकरबद्दल लिहिते, कारण तो नसता तर आमची तिथली सेवा निम्मीही झाली नसती असं मला मनापासून वाटतं.

घेतला इतवारीतून, भांड्यांच्या दुकानातून. घरचे सगळे म्हणत होते दोघांना 3 लिटरचा भरपूर झाला, वजन काहून वाढवता. दुकानातल्या काकांनी मात्र पहिलाच प्रश्न केला, ताई घरी येणारे-जाणारे किती? आणि त्यांचं एकदम बरोबर होतं बापा. या वयात जोडपं म्हणून पाठवतात तेव्हा तुमच्याकडून दारोदार फिरायची अपेक्षा नसते, हे सकाळी मिशनच्या शाळेत हिशोबाच्या वह्या बघायचे, मी लायब्ररीत बसून मुलांकडून वाचून घ्यायची, दुपारी आजारी माणसांना भेटायला जायचं, पण खरं काम सुरू व्हायचं संध्याकाळी पाचनंतर, घरातल्या टेबलावर. घरापासून दूर असलेली तरुण सेवक पोरं, शाळेतल्या मॅडम, शेजारच्या बायका, कोणी ना कोणी रोज जेवायला असायचंच. आपली मुलं दूर, त्यांची आई दूर, मग ती आपल्याला अंबुया म्हणजे आजी म्हणतात आणि आपणही वाढतच जातो. तेव्हा दोघांच्या मापाचा कुकर नेऊच नका.

आता तिथे कुकरच काहून लागतो ते सांगते. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर आहे, लुसाका जवळपास 1,280 मीटरवर, त्यामुळे तिथे पाणी 96 डिग्रीच्या आसपासच उकळतं आणि उघड्या पातेल्यात घेवडा-राजमा शिजता शिजत नाही. कुकरच्या आत वाफ दाबली गेली की 115 च्या वर जातं, मग रात्री भिजवलेले दाणे अर्ध्या तासात मऊ. तिकडे शुगर बीन्स म्हणून ठिपक्याठिपक्यांचे दाणे मिळतात, बायका ते म्बौला म्हणजे कोळशाच्या शेगडीवर कितीतरी वेळ उकळत ठेवतात आणि कोळशाला पैसा जातो तो वेगळा. गावठी कोंबडीचं पण तसंच, चव फार सुंदर पण चिवट, आपला सावजी मसाला लावून कुकरला लावली की बोटाने तुटायची, आणि त्यासोबत त्यांचं न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने मोडून रश्श्यात बुडवून खायचं. भाकरीची आठवण यायची पण न्शिमा रश्श्याला जास्त जमतं, हे मी वऱ्हाडातली असून सांगते.

2024 ला तिकडे मोठा दुष्काळ पडला, कारिबा धरणातलं पाणी खाली गेलं आणि तिथली बरीचशी वीज त्याच पाण्यावर, मग दिवसातले कितीतरी तास लाईटच नसायची. स्टीलचा आणि इंडक्शनला चालणाऱ्या बुडाचा कुकर असेल तर लाईट असताना इंडक्शन, नसताना गॅस, दोन्हीवर होतं. साधा ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापत नाही, तेवढं बघून घ्या. लाईट आली रे आली की पहिले कुकर चढवायचा, शिट्ट्या झाल्या की उतरवून जाड टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायचा, दोन तासांनी पण वरण गरम. कोळशाच्या शेगडीवर मात्र मी कधी ठेवू दिला नाही, आच कमी करता येत नाही ना.

आतल्या झाकणाचाच सांगते याचं कारण, आत वाफ असेपर्यंत ते झाकण उघडतच नाही, वाफेचा दाबच त्याला धरून ठेवतो. ज्यांनी कुकर कधी वापरला नाही अशा बायका स्वयंपाकघरात मदतीला येतात, शिट्टी झाली की पहिल्यांदा दचकतात, मग हसतात, तेव्हा ही सोय फार मोलाची. शिट्ट्यांच्या मधल्या वेळात खूप बोलणं व्हायचं. तिकडे मिशनरी लिव्हिंग्स्टन सगळ्यांना ठाऊक, 1873 ला त्याच देशात चितांबोला वारले, त्यांचं हृदय सोबतच्या माणसांनी तिथेच पुरलं आणि देह समुद्रापर्यंत पायी नेला. मग मला विचारायचे, तुमच्याकडे कोण आलं? मी हिस्लॉपसाहेबांचं सांगायची, तेही मिशनरी आणि स्कॉटलंडचेच, 1845 ला नागपुरात आले, शाळा काढली, 1863 ला टाकळघाटची शिळावर्तुळं बघून परतताना नदीत बुडून गेले, आणि त्यांच्या नावाचं कॉलेज अजून आमच्या गावात आहे. ऐकून सगळे गप्प व्हायचे, मग कोणीतरी गाणं धरायचं आणि त्यांचं गाणं म्हणजे एकाच वेळी चार आवाजात, शिकवायला लागत नाही.

त्याच्यातल्या उणिवा सांगायच्या तर, एक, वजन आहे, स्टीलचा 5 लिटरचा भरला की साठीच्या मनगटाला एकट्याने उचलवत नाही, दोन्ही हँडल धरून उचलायचा. दोन, झाकण आत तिरपं घालून फिरवायला सवय लागते, बोटं आखडत असतील तर दुकानातच चार वेळा लावून-काढून बघा, जमत नसेल तर बाहेरच्या झाकणाचा घ्या, त्यात कमीपणा नाही. तीन, तोंड बारीक असल्याने तळ घासायला त्रास होतो, लांब दांड्याचा ब्रश ठेवा.

रिंगा दोन जास्तीच्या, एक सेफ्टी वॉल्व्ह आणि एक शिट्टी इथूनच घेऊन जा, आपल्या मापाची रिंग तिकडे मिळेल या भरवशावर राहू नका. आयएसआय मार्क पाहूनच घ्या, 2021 पासून तो सक्तीचा आहे. आम्हाला तीन हजारांच्या आसपास पडला. बॅगेत रिकामा ठेवू नका, आमच्या कुकरमध्ये तूरडाळ, गोडा मसाला आणि माझी औषधं बसली होती, पण चेक-इनच्या बॅगेतच टाका. तूरडाळीची फार काळजी नको, लुसाकात गुजराती लोक पुष्कळ आहेत, कमवाला भागातल्या दुकानात मिळते, सावजी मसाला मात्र मिळत नाही, तो अर्धा किलो तरी न्याच.

येताना आमचा कुकर तिथल्या चर्चच्या बायकांच्या मंडळाला देऊन आलो, उरलेल्या रिंगेसकट, आता रविवारच्या जेवणाचे बीन्स त्याच्यातच होतात असा त्यांचा फोन असतो. घरी त्याच दुकानातून तसाच दुसरा आणला.