इंकबर्ड आयटीसी-308 : फ्रिजचा कान धरणारा डबा

घरी बिअर करताना 20 लिटर वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या गोड काढ्यात, यीस्ट टाकलं की पहिले दोन-तीन दिवस तेच शेगडीचं काम करतं. मूळ घनता (आंबण्याआधीची, पाण्याच्या तुलनेत) 1.050 असेल, तर आंबताना निघणारी सगळी उष्णता आतच अडकली तर बिअर ढोबळ हिशेबाने 12 अंशांनी तापेल. बरीचशी बाहेर निघून जाते, तरी ऐन भरात फर्मेंटर, म्हणजे आंबवायचं भांडं, खोलीपेक्षा 3-4 अंश गरम चालतो. खोली 22 ला असेल तर बिअर 26 ला, आणि मग चवीला पिकलेलं केळं, नेलपॉलिशचा वास, घशाला झोंबणारी जड अल्कोहोलं. हे एकदा बनलं की नंतर फ्रिजमध्ये ठेवून जात नाही.

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. अमेरिका-ब्रिटनमध्ये स्वतःपुरती करायला मुभा आहे, तेव्हा हे परीक्षण तिथल्या फ्लॅटवाल्या मंडळींसाठी.

आयटीसी-308 म्हणजे तापमान पाहून फ्रिज-हीटर चालू-बंद करणारा कंट्रोलर: दोन सॉकेटचा डबा आणि साधारण दोन मीटर वायरीचा सेन्सर. एका सॉकेटला फ्रिज, दुसऱ्याला हीटर. 110 व्होल्टला 1100 वॅट, 220 ला 2200 वॅट पेलतो. छोट्या फ्रिजला हे भरपूर. एसटीसी-1000 याहून स्वस्त पडतो, पण तो नुसता सुटा कंट्रोलर असतो. डबा, सॉकेट आणि मेन्सची वायरिंग आपली आपण करायची. वायरमनचा हात नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

सेटिंग पाच मिनिटांचं. टीएस म्हणजे हवं ते तापमान. साध्या एल (लागरपेक्षा गरम तापमानाला आंबणाऱ्या बिअरच्या) यीस्टला 18 ठेवा. सीडी आणि एचडी म्हणजे किती अंश ढळल्यावर फ्रिज किंवा हीटर सुरू व्हावा. दोन्ही 2 वर येतात, ते 1 वर आणा. 0.3 वगैरे ठेवायचा मोह होतो, पण फ्रिज बंद झाल्यावरही त्याच्या भिंती थंडच असतात, तापमान आणखी उतरतं, मग हीटर पेटतो आणि दोघांची रात्रभर मारामारी चालते. पीटी म्हणजे कॉम्प्रेसरची विश्रांती. ती 5 मिनिटांच्या खाली नको. आतला दाब समान व्हायच्या आधी पुन्हा सुरू झालेला कॉम्प्रेसर अडकतो आणि तापतो. सेन्सर बर्फाच्या पाण्यात धरून 0 येतो का पाहा, नसेल तर फरक सीए या दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये भरा.

खरी मेख सेन्सर कुठे लावता यात आहे. फ्रिजच्या हवेत लोंबकळत सोडला तर डबा हवेचं तापमान सांभाळतो, बिअरचं नाही. स्क्रीनवर 18 दिसतं आणि आत 21 असतं. फर्मेंटरच्या बाहेरून, द्रवाच्या पातळीच्या बऱ्याच खाली, सेन्सर टेपने घट्ट चिकटवा आणि वर बबल रॅपच्या चार घड्या किंवा फोमचा तुकडा दाबून बसवा. वायर दाराच्या रबरातून आत घ्या. फ्रिजच्या बाजूला भोक पाडू नका, आत गॅसच्या नळ्या असू शकतात.

फ्रिज वापरलेला, फ्रीझर नसलेला, काउंटरखाली मावणारा घ्या. खरेदीआधी एअरलॉकसकट (झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी नळी) फर्मेंटरची उंची मोजा. मागे कॉम्प्रेसरचा उंचवटा असतो तो बहुतेक जण विसरतात. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सर्वांत थंडवर ठेवायचा, नाहीतर तोच आधी बंद होतो. डिजिटल बटणांचे काही फ्रिज वीज तुटून आल्यावर आपोआप चालू होत नाहीत; प्लग काढून-लावून खात्री करा. हीटर म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी 20-25 वॅटची मॅट पुरते.

उणं काय? तापमान हाताबाहेर गेलं तर नुसता बजर वाजतो. घरी कोणी नसेल तर भिंतींनी ऐकायचा. वायफायचं मॉडेल आहे, ते फक्त 2.4 गिगाहर्ट्झला जोडतं. रिले, म्हणजे डब्यातला चालू-बंद करणारा स्विच, चिकटून बसला तर कुठलंच मॉडेल तुम्हाला वाचवत नाही.

फ्रिजला जागाच नसेल तर डबा घेऊ नका. प्लास्टिकच्या टपात 20 लिटर पाणी, त्यात फर्मेंटर, अंगावर पाण्यात बुडालेला सुती टी-शर्ट, समोर पंखा: माठाचीच युक्ती. दमट हवेत मात्र माठही गार होत नाही, तेव्हा गोठवलेल्या बाटल्या लागतात. एक लिटरची बाटली पूर्ण वितळून टप आणि फर्मेंटर मिळून जेमतेम 2 अंश उतरवते, म्हणून पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बदलायची. चौथ्या दिवसापासून बाटल्या बंद करा. शेवटी तापमान 20 पर्यंत चढलेलं बरंच, लोण्यासारखा वास देणारं डायअसिटिल यीस्ट तेव्हा खाऊन टाकतं. लागर, म्हणजे बऱ्याच थंडीत आंबणारी बिअर, मात्र टपात करू नका. आणि उन्हाळ्यात एवढाही खटाटोप नको असेल, तर नॉर्वेचं व्हॉस क्वेइक यीस्ट घ्या. त्याला 35 अंश आवडतात. तिथे फक्त मॅट लागेल.