चीनला शिकवायला पाठवणारी ती कन्सल्टन्सी : कागदांना पैकीच्या पैकी, शब्दाला नापास

२०२५ च्या ऑक्टोबरात कोलकाता–ग्वांगझू विमान परत सुरू झालं आणि आमच्या घरची बेल पुन्हा वाजायला लागली. खानापूर, निपाणी, पलीकडं चंदगडाकडूनही बी.एड. झालेली मुलं-मुली येतात. "अक्का, तुम्ही गेला होता की चीनला. एजंटाकडून गेला होता म्हणे. कसा होता?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते. मी ज्यांच्याकडून गेले त्या पुण्यातल्या कन्सल्टन्सीचं नाव देत नाही. ते ऑफिस आता त्या जागी नाही, माणसंही पांगली. पण आजकाल मुलं मला ज्या जाहिराती दाखवतात त्यांतली भाषा शब्दाशब्दाला तीच आहे, म्हणून माझा अनुभव अजून उपयोगाचा आहे.

मी बेळगावातल्या शहापूरची. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची बी.एस्सी., नंतर बी.एड. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात पाच वर्षं विज्ञान आणि इंग्रजी शिकवलं. जानेवारी २०१८ मध्ये या कन्सल्टन्सीत नाव घातलं, ऑगस्टच्या शेवटी चीनच्या सिचुआन प्रांतातल्या चेंगदूला पोचले आणि करार पूर्ण करून जुलै २०१९ मध्ये परत आले.

आधी त्यांचं चांगलं काम सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं.

कागद. बेळगावच्या माणसाचे कागद म्हणजे काय हे बेळगावच्याच माणसाला कळतं. माझ्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या मार्क्स कार्डावर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. डिग्रीवर वडिलांच्या नावाचं नुसतं इनिशियल. पासपोर्टावर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि वडिलांचं नाव पूर्ण. आपल्याकडं शाळेत, बँकेत कुणी याला अडत नाही. त्यात जन्मदाखल्यावर गाव 'बेलगाम' आणि २०१६ मध्ये काढलेल्या पासपोर्टावर 'बेळगावी', कारण मधे १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं नाव बदललं. चीनमध्ये कागदांचं चिनी भाषांतर करणाऱ्यानं ही दोन वेगळी शहरं धरली आणि तीन कागदांवरची तीन नावं पाहून या तीन बायका असाव्यात असं तिथल्या कचेरीला वाटलं. वर्क परमिटचा अर्ज तिथंच अडकला.

कन्सल्टन्सीत कागदपत्रं बघणाऱ्या एक वयस्क बाई होत्या. त्यांनी फोनवर मला एकेक कागद हातात घ्यायला लावला आणि त्यावरचं नाव अक्षरागणिक वाचून घेतलं. मग दोन प्रतिज्ञापत्रांचा मसुदा स्वतः करून पाठवला. एक नावाचं, एक गावाचं, सोबत गावाचं नाव बदलल्याच्या सरकारी अधिसूचनेची प्रत. मी कोर्टासमोर नोटरी करून घेतली आणि कुरिअरनं पाठवली. तीन आठवड्यांत अर्ज पुढं सरकला. हे मला एकटीला जमलं नसतं, हे मान्य करते.

बाकीची धावपळही त्यांनी नीट लावून दिली होती. पोलीस क्लिअरन्ससाठी हुबळी, डिग्री खरी असल्याच्या पत्रासाठी धारवाड, राज्याच्या शिक्क्यासाठी बेंगळूर, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि शेवटी चिनी वकिलातीचा मुंबईत. कर्नाटकातली माणसं चिनी वकिलातीच्या हिशेबात मुंबईखाली येतात. म्हणजे शिक्का बेंगळूरचा आणि व्हिसा मुंबईचा. आमच्या आईनं तेव्हा म्हटलं होतं, "बेळगावच्या माणसाला दोन्हीकडं जावंच लागतं गे." कुठल्या खिडकीवर कुठला कागद वर ठेवायचा इथपर्यंत त्यांनी लिहून दिलं होतं. या कामाला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

आता पैसे. त्यांनी ८०,००० रुपये घेतले. ३०,००० आधी, ५०,००० व्हिसा लागल्यावर. आईच्या दोन बांगड्या सोसायटीत गहाण ठेवून मी दुसरा हप्ता भरला. परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाची सरकारकडं नोंदणी लागते आणि नोंदणी असलेल्यालाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही, हे मला परत आल्यावर कळलं. नोंदणी झालेल्यांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. वर चेंगदूला गेल्यावर शाळेच्या ऑफिसातूनच समजलं, की शिक्षक आणून दिल्याबद्दल शाळेनंही या लोकांना पैसे दिले होते. दोन्हीकडून घेतले. मला पावती मिळाली ती '३०,००० सल्ला शुल्क' एवढीच. पन्नास हजारांची पावती आजतागायत आलेली नाही.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि सगळ्यांना हीच आधी सांगते.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'चीनमध्ये इंग्रजी शिक्षक'. तिथला नियम असा आहे, की परदेशी भाषा शिकवणारा शिक्षक तत्त्वतः त्या भाषेच्या मातृभाषिक देशाचा असावा. इंग्रजीसाठी व्यवहारात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका हे सात देश धरतात. भारत त्यात नाही. हे कन्सल्टन्सीला माहीत नव्हतं असं होऊच शकत नाही, त्यांचा धंदाच तो. तरी तीन महिने मला कुणी बोललं नाही. मग एप्रिलमध्ये एका पोरगेल्या मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, एम व्हिसावर पाठवतो, पंधरा दिवसांत काम होतंय. तिथं गेल्यावर बदलून घेऊ."

एम व्हिसा हा व्यापारासाठी येणाऱ्यांचा. नोकरीचा व्हिसा झेड. एमवर जाऊन पगारी शिकवणं तिथं बेकायदा आहे. पकडलं तर माणसाला ५,००० ते २०,००० युआन दंड आणि प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडी, असं त्यांच्या कायद्यात आहे. मी हे त्या मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, "सगळेच जातात ओ मॅडम." मी नाही म्हटलं. त्यानंतर दीड महिना त्यांच्याकडून एक फोन नाही.

वाट निघाली ती चेंगदूच्या शाळेतूनच. ऑनलाइन मुलाखतीत तिथल्या बाईंनी माझी बी.एस्सी. पाहिली आणि सरळ सांगितलं, "इंग्रजी भाषेची शिक्षिका म्हणून तुमचं परमिट होणार नाही. विज्ञान इंग्रजीतून शिकवाल का?" त्या एका वाक्यानं माझं काम झालं. परमिट विज्ञान शिक्षिकेचं, व्हिसा झेड, पगार महिना १२,००० युआन, म्हणजे तेव्हाचे सव्वा लाखाच्या आसपास रुपये. माझ्याच बॅचची, नुसती बी.ए. इंग्रजी झालेली एक मुलगी एमवर गेली आणि चार महिन्यांत रात्रीच्या विमानानं परत आली. तिचे पैसे बुडाले ते बुडालेच.

तिकडं उतरल्यावरची सेवा मात्र परत चांगली. कन्सल्टन्सीची चेंगदूतली मदतनीस मुलगी विशी-बाविशीची असेल. मी शनिवारी रात्री उतरले, रविवारी सकाळी आठला ती दारात. घरी राहणाऱ्या परदेशी माणसानं २४ तासांच्या आत पोलीस ठाण्यात नोंद करायची असते, तिथं घेऊन गेली. मग पुन्हा वैद्यकीय तपासणी, भारतात केलेली असली तरी. मग ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज. परवाना होईपर्यंत पासपोर्ट पोलिसांकडं राहतो, त्याची पावती कशी जपायची हे तिनं मला माझ्याच पर्समध्ये ठेवून दाखवलं. बँकेत खातं, फोनचं सिम, वीचॅट (तिकडचं व्हॉट्सअॅपसारखं अॅप), सगळं तिनं केलं. घर शाळेच्या शेजारी असं पुण्यात सांगितलं होतं आणि निघालं मेट्रोनं पन्नास मिनिटांवर, तिआनफू चौकात लाइन बदलून. त्याबद्दल तिला बोलून उपयोग नव्हता, बिचारी पगारावरची.

कन्सल्टन्सीनं एक बारा पानी पुस्तिका दिली होती, 'सोबत काय न्यावे'. त्यात कुकर, चहापत्ती, पापड. थंडीबद्दल एक ओळ नाही. चेंगदूचा हिवाळा आपल्या बेळगावच्या थंडीसारखा कोरडा नाही. हवा ओली, सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही, आणि दक्षिणेकडच्या शहरांत सरकारी हीटिंग नसतंच, ते उत्तरेला. जानेवारीत वर्गातही मुलं जाड कोट घालून बसायची. मी आईकडून घोंगडं मागवलं.

जेवणाबद्दल पुस्तिकेत एवढंच होतं, 'तिखट असते, भारतीयांना आवडेल.' तिखटाचं नाही विशेष. पहिल्या आठवड्यात शाळेच्या कँटीनमध्ये टोफूच्या भाजीत एक बारीकसा दाणा दाताखाली आला आणि जीभ झिणझिणली, ओठ बधिर झाले. आजूबाजूचे शिक्षक माझ्याकडं बघत होते, परदेशी बाई आता पाणी मागणार म्हणून. मी तो दाणा ताटात काढून बघितला. तांबूस, चिरलेलं टरफल, आत पोकळ. हे आपलं तिरफळ! आजी बांगड्याच्या आमटीत घालायची, बेळगावच्या गणपत गल्लीत कागदाच्या पुडीत मिळतं तेच. पुढं कळलं, की सिचुआनचं हुआजिआओ आणि आपलं तिरफळ एकाच कुळातले, भाऊबंद. घरापासून एवढ्या लांब पहिल्यांदा त्या दिवशी मी पोटभर जेवले. मी मासे खाणारी, म्हणून निभावलं. शाकाहारी असाल तर जपून, भाजीतही डुकराची चरबी किंवा कोंबडीची पूड असते.

आता ती गोष्ट, जिच्यामुळं मी या कन्सल्टन्सीला शब्दात नापास करते. ऑक्टोबरात पालकांसाठी खुला वर्ग होता. आदल्या रात्री त्यांच्या चेंगदूतल्या मुख्य माणसाचा मेसेज आला: 'पालकांनी विचारलं तर साउथ आफ्रिकेत वाढले असं सांगा.' मी रात्रभर झोपले नाही. आमच्या गावाचं नाव पाटीवर कसं लिहायचं यासाठी माझे आजोबा मोर्च्यात गेलेले. आणि मी देशच बदलून सांगू?

वर्गात मी बाटलीत व्हिनेगर घेतलं, फुग्यात खाण्याचा सोडा भरला, फुगा बाटलीच्या तोंडावर ओढला आणि उभा केला. फुगा टम्म झाला, पोरं ओरडली. आमच्या खानापूरची पोरंही याच क्षणाला अशीच ओरडतात. मग तिसऱ्या रांगेतल्या एका वडिलांनी दुभाष्यामार्फत विचारलं, मी कुठली. मी फळ्यावर 'बेळगावी, इंडिया' लिहिलं आणि नकाशावर बोट ठेवलं. ते काही बोलले नाहीत, फोनमध्ये काहीतरी टिपून घेतलं. महिनाभरात दोन मुलं दुसऱ्या वर्गात गेली, उच्चाराचं कारण देऊन. शाळेनं मला ठेवलं. कन्सल्टन्सीनं मात्र 'सूचना पाळल्या नाहीत' असा मेल पाठवला.

उच्चाराचा मुद्दा खोटा नव्हता, म्हणून तोही सांगते. तिथली मुलं थर्मामीटरला 'सर्मामीटर' म्हणतात, आपली म्हणतात ती थाळीतल्या 'थ'नं. दोघांनाही जीभ दातांमध्ये आणायला शिकवावी लागते. 'व्हॉल्यूम' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायला मी स्वतः आरशासमोर महिनाभर शिकले. मराठीत, कानडीत आपला एकच 'व'. हे इथं शिकून गेले असते तर बरं झालं असतं.

पैसे घरी पाठवण्याबद्दलही कन्सल्टन्सीनं काही सांगितलं नाही. पगारातले युआन बदलून परदेशी पाठवायला बँक कर भरल्याचे दाखले मागते. ते दर महिन्याला मागून घ्या, शेवटी एकदम गोळा करत बसू नका. माझे दोन दिवस बँकेत गेले.

आज जाणाऱ्यांसाठी बदललेलं एवढंच. २०२१ च्या जुलैत तिथल्या सरकारनं शाळेबाहेरच्या क्लासेसवर कडक बंधनं आणली, त्यामुळं 'ट्रेनिंग सेंटर'ची नोकरी कुणी दाखवत असेल तर दहादा विचारा. व्हॉट्सअॅप तिकडं चालत नाही आणि वीचॅटवर २०२० च्या जूनपासून आपल्याकडं बंदी आहे, म्हणजे आईशी बोलायचं कसं हे आधी ठरवा. भारतातल्या सिमचं रोमिंग घेतलं तर त्यावर व्हॉट्सअॅप चालतं. माझ्या वेळी आई भाच्याच्या फोनवर वीचॅट उघडून बसायची, ती सोय आता नाही. आणि एजंटाला पहिल्याच फोनवर दोन प्रश्न विचारा: व्हिसा कुठला, आणि परमिटवर पद काय लिहिणार? उत्तर लेखी मागा. पैसे त्यानंतर.

माझी फाइल अजून आहे. दोन्ही प्रतिज्ञापत्रांचे मसुदे, शिक्क्यांचा क्रम, करार, सगळं. ज्याला बघायची त्यानं रविवारी सकाळी घरी यावं. मूळ कागद हातात देणार नाही, झेरॉक्स काढून देईन.