बायनरी रूपांतर: भागाकाराचं लूप की पायथनचं तयार फंक्शन?

नेरूळला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची मुलं शिकायला येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो: दशमान संख्या बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहायचा प्रोग्राम स्वतः लिहायचा, की पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं तयार 'बिन' फंक्शन वापरून मोकळं व्हायचं?

'बिन'ने काम एका ओळीत होतं. २६ दिले की '०बी११०१०' मिळतं. पुढचं '०बी' नको असेल तर कापायचं. शून्य, ऋण संख्या, सगळं नीट. उलट रूपांतराला 'इंट' आहे, आणि त्याला देवनागरीत लिहिलेले '२६'सुद्धा कळतात!

लूपचा, म्हणजे तीच पायरी पुन्हा पुन्हा करण्याचा, रस्ता लांबचा. २६ ला २ ने भागत जायचं, बाकी लिहीत जायची: ०, १, ०, १, १. भागाकार शून्य झाला की थांबायचं आणि बाक्या शेवटाकडून वाचायच्या: ११०१०. बरीच मुलं इथेच अडकतात. सरळ वाचलं तर ०१०११, म्हणजे दशमान ११! म्हणून तपासायला ४५ घेऊ नका. त्याचं १०११०१ दोन्हीकडून सारखंच, चूक लपून राहते. शून्यही देऊन बघा. 'संख्या शून्याहून मोठी असेपर्यंत' अशी अट असेल तर लूप एकदाही फिरत नाही, उत्तर कोरं येतं.

मी लूपच्याच बाजूने, निदान शिकताना. भाजक ८ केला की ऑक्टल (आठच्या पायाची संख्या) तयार; १६ केला तर १० ते १५ या बाक्यांसाठी ए ते एफ लावायचे, उरलेला प्रोग्राम तोच. 'बिन'मध्ये हे दिसतच नाही. उद्या महापेला एखाद्या आयटी कंपनीत नोकरी लागली की मात्र खुशाल 'बिन' वापरा.