हीरोज ३: आठ महिन्यांनंतर, आणि त्या ड्वार्फांबद्दल जरा सविस्तर

गेल्या महिन्यात लॅपटॉप दुरुस्तीला टाकला होता. परत आला तेव्हा हीरोज ३ या कॉम्प्युटर गेममधला माझा अडीच महिन्यांचा मॅप, म्हणजे खेळत आणलेला डाव, त्यातून गायब. दुकानदार एकच धोशा लावून बसला, "मॅडम, बॅकअप घेतलाय ना, डॉक्युमेंट्स आहेत, फोटो आहेत, डेस्कटॉप जसाच्या तसा आहे." होतंच सगळं. पण हा गेम सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये ठेवत नाही. जिथे इन्स्टॉल केलाय तिथेच आत ‘गेम्स’ नावाचं फोल्डर असतं, त्यात ठेवतो. डिस्क पुसली तेव्हा तेही पुसलं गेलं. अर्धा तास वाद घातल्यावर बॅकअपचे तीनशे रुपये बिलातून कमी झाले, पण मॅप काही परत आला नाही. तेव्हा बाकीचं वाचायच्या आधी ते फोल्डर पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आकार एवढासा असतो, मिनिटभराचं काम आहे.

त्या संध्याकाळी गेम पुन्हा टाकायचा की नाही हाच प्रश्न होता. टाकला. का टाकला, ते लिहायला बसले आहे.

हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक म्हणजे पाळीपाळीने खेळायचा फौजांचा गेम: टाउनमध्ये प्राण्यांची फौज घ्यायची, ती हीरोच्या हाताखाली मॅपवर फिरवायची आणि दुसऱ्याची टाउन जिंकायची. १९९० च्या किंग्ज बाउंटीतून निघालेली, १९९५ पासून सुरू झालेली मालिका, आणि १९९९ चा तिसरा भाग अजून माणसं खेळतात. दादाने आणि मी तो पहिल्यांदा खेळलो तेव्हा घरात एकच कॉम्प्युटर होता आणि खुर्चीसुद्धा एकच. दादा आता पिंपरीला असतो, मी सांगलीत एका पतसंस्थेत कॅशला बसते. आठ महिन्यांपूर्वी सेल लागला होता, आणि सिनेमाच्या एका तिकिटापेक्षा कमी पैशांत मिळतोय म्हणून घेतला.

घेताना एक चूक थोडक्यात टळली. गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या यादीत दोन हीरोज ३ दिसतात. २०१५ ची एचडी एडिशन दिसायला चकाचक आहे, पण तिच्यात आर्मगेडन्स ब्लेड आणि शॅडो ऑफ डेथ ही दोन्ही एक्स्पान्शन (गेमला नंतर जोडलेले भाग) नाहीत, कारण त्यांचा सोर्स कोडच हरवला होता. म्हणजे कॉन्फ्लक्स टाउन नाही, आणि दर वेळी नवा रँडम मॅप तयार करायची सोयही नाही. ‘कम्प्लीट’ नावाची जी जुनी दिसते तीच घ्या. चाहत्यांनी केलेला एचडी मॉड (गेममध्ये बदल करणारी जोड) फुकट आहे, तो तिच्यावर बसतो आणि मोठ्या स्क्रीनवर चित्र नीट दिसतं. हॉर्न ऑफ द अ‍ॅबिस हे चाहत्यांनीच केलेलं एक्स्पान्शनही फुकट आणि तेही कम्प्लीटवरच चालतं. जास्त पैसे मोजून कमी गेम कशाला घ्यायचा?

आता ड्वार्फ.

मी रॅम्पार्ट हे एल्फ-ड्वार्फांचं टाउन घेऊन खेळते, पहिल्यापासून तेच. त्या टाउनमध्ये शिरलं की जी धून वाजते तिच्यासाठीसुद्धा खेळेन. पण रॅम्पार्टच्या दुसऱ्या पातळीवर ड्वार्फ आहेत आणि त्यांचा वेग आहे तीन. या गेममध्ये हीरो दिवसाला किती चालणार हे मुख्यतः हीरोवर नाही, त्याच्या फौजेतल्या सगळ्यात मंद प्राण्यावर ठरतं. वेग तीन असेल तर दिवसाला चालीचे १५०० पॉइंट. साध्या जमिनीवर एका घराला, म्हणजे मॅपवरच्या एका चौकोनाला, १०० लागतात, म्हणजे सरळ चाललं तर पंधरा घरं. तेच फौजेत ११ किंवा त्याहून जास्त वेगाचेच प्राणी असतील तर २०००, म्हणजे वीस घरं. दिवसाला पाच, आठवड्याला पस्तीस घरांचा फरक, आणि तो फक्त दोन ड्वार्फ सोबत आहेत म्हणून. दोनशे असते तरी समजलं असतं. ते अपग्रेड केले तर वेग पाच होतो, म्हणजे १६३० पॉइंट, म्हणजे एक घर जास्त. एका घरासाठी एवढं सोनं घालायला माझा हात होत नाही.

सुरुवातीला याचा इतका राग यायचा की पहिल्या दोन महिन्यांत मी हे परीक्षण लिहिलं असतं तर एवढंच लिहिलं असतं: चांगला गेम, चालण्याच्या नियमाने मारला. खाण समोर दिसतेय, गंधकाचा ढीग समोर दिसतोय, आणि हीरो दोन घरं अलीकडे उभा राहतो. त्यात दलदल लागली तर एका घराला १७५. तिरकं गेलं तर साध्या जमिनीवरही १४१. मूळ गेममध्ये आकडाही दिसत नाही, हीरोच्या चेहऱ्याशेजारी फक्त हिरवी पट्टी असते. ती बघून अंदाज बांधायचा. किती पॉइंट उरले ते एचडी मॉड आकड्यात दाखवतो, आणि माझ्या मते चित्रापेक्षा या एकाच गोष्टीसाठी तो टाकावा.

हे मत बदललं ते दादामुळे.

आम्ही हॉटसीट (एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायचा प्रकार) खेळतो, पण दोन शहरांत बसून. मी माझा दिवस खेळते, सेव्ह करते, फाइल मेलने पाठवते. रात्री तो त्याचा दिवस खेळतो आणि फाइल परत पाठवतो. दोघांचे हीरो समोरासमोर आले तर दोघांनाही एकाच स्क्रीनवर खेळावं लागतं, म्हणून लढाई तो सांगलीला येईल त्या रविवारपर्यंत थांबते. (दुरुस्तीच्या दुकानातून एवढा एकच मॅप वाचला, कारण तो मेलमध्ये होता.)

तिसऱ्या आठवड्याचा तिसरा दिवस. दादाचं टाउन नेक्रोपोलिस (सांगाडे आणि व्हॅम्पायरांचं), ते दक्षिणेला, माझं दुसरं टाउन नदीच्या अलीकडे. त्याचा मुख्य हीरो कुठे आहे मला माहीत होतं. त्याच्याकडे स्केलेटन वॉरियर आहेत, वेग पाच, म्हणजे तो सोळा घरं चालणार. मी मोजून बघितलं होतं, टाउन त्याच्यापासून अठरा घरांवर. माझा हीरो दोन घरं बाहेर उभा, उद्या आत जाईल, असा हिशोब. टाउनमध्ये कुणी ठेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघायच्या आधी फाइल उघडली तर टाउनवर लाल झेंडा.

मला वाटलं काहीतरी बिघाड आहे. तसाच फोन लावला.

"अगं, चाल सकाळी मोजतात," दादा म्हणाला. "रात्री स्केलेटन दुसऱ्या हीरोकडे दिले. सकाळी माझ्याकडे नुसते व्हॅम्पायर लॉर्ड. नऊचा वेग, एकोणीस घरं."

एकोणीस! गेम चालीचे पॉइंट दिवस सुरू होताना मोजतो. त्या क्षणी फौजेत कोण आहे तेवढंच धरतो. त्यानंतर वाटेत कितीही ड्वार्फ उचलून घेतले तरी त्या दिवसाची चाल कमी होत नाही. म्हणजे संध्याकाळी मंद माणसं दुसऱ्या हीरोच्या हवाली करायची, सकाळी हलक्या पायाने निघायचं, आणि ती पुढे कुणीतरी आणून द्यायची. हे एकदा कळलं आणि अख्खा मॅप वेगळा दिसायला लागला.

तेव्हापासून मी अडीच हजार सोनं टाकून घेतलेला दुसरा हीरो फालतू मानत नाही. माझ्याकडे आता चार-पाच जण टप्प्याटप्प्यावर उभे असतात. टाउनमधून निघालेले एल्फ एकाच दिवसात तीन हात बदलून मुख्य हीरोकडे पोचतात, कारण प्रत्येक हीरोची चाल वेगळी शिल्लक असते. दगडी रस्ता असेल तर एका घराला पन्नासच पॉइंट लागतात, तिथे तर फौज उडत गेल्यासारखी जाते. किर ही रेंजर (रॅम्पार्टच्या हीरोंचा एक प्रकार) मिळाली तर सोडू नका. लॉजिस्टिक्स, म्हणजे चाल वाढवणारा गुण, हीच तिची खासियत आहे, आणि तो गुण एक्स्पर्ट झाला की जमिनीवरची चाल तीस टक्क्यांनी वाढते. पूर्वी मी लॉजिस्टिक्स सोडून जादूचे गुण घ्यायचे. आता लॉजिस्टिक्स दिसलं की दुसरीकडे बघतच नाही.

मालिकेचे बाकीचे भागही मधल्या काळात चाळून झाले. २००२ च्या चौथ्यात फौज पोचवायला कारवाँ आहेत आणि फौज हीरोशिवायही हिंडते. सोय मोठी आहे, पण मला आवडतो तो हिशोबच त्यात उरत नाही. २००६ चा पाचवा सुंदर आहे, लढाया तर तिसऱ्यापेक्षा सरस वाटल्या. पण माझ्या लॅपटॉपचा पंखा त्याला पुरत नाही.

ज्याची मला सगळ्यात जास्त गोडी लागली ती गोष्ट रॅम्पार्टमध्येच आहे, ती म्हणजे ट्रेझरी. ही इमारत बांधली की आठवड्याच्या सुरुवातीला शिल्लक सोन्यावर दहा टक्के मिळतात. वर्षाला नाही, आठवड्याला! दिवसभर ठेवींचे दर सांगणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल बघा. पहिल्यांदा मी खर्चच करेना. सोनं साठवत बसले, प्राणी घेतले नाहीत, आणि व्याज हातात असताना टाउन गेलं. आता सहाव्या आणि सातव्या दिवशी काहीही विकत घेत नाही. पहिल्या दिवशी व्याज जमा होतं, नवे प्राणीही त्याच दिवशी येतात, तेव्हा खरेदी तेव्हाच. वीस हजार शिल्लक असतील तर दोन हजार नुसत्या दोन दिवसांच्या धीराने मिळतात, आणि तेवढ्यात हिरवा ड्रॅगन जवळपास सुटतो. त्याला २४०० सोनं आणि एक क्रिस्टल लागतो.

तक्रार उरली आहे, आणि ती चालीचीच. हा नियम गेम कुठेही धडपणे समजावत नाही. दिवस संपवताना ‘तुमच्या फौजेत मंद प्राणी आहे’ एवढी एक ओळ आली असती तर नव्या माणसाचे दोन महिने वाचले असते. माझी मैत्रीण आठवडाभर खेळली आणि "हा माणूस चालतच नाही" म्हणून सोडून दिला. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. इतका बारकाईने बांधलेला नियम, आणि तो कळायला टाउन गमवावं लागतं.

दादा या रविवारी येतोय. त्याचा हीरो माझ्या भिंतीपासून चार घरांवर आहे, फौजेत स्केलेटन ‘झाउंड्स’ दिसतात, म्हणजे पाचशेपासून हजारापर्यंत. माझे साठ ड्वार्फ या वेळी किल्ल्याच्या आतच आहेत. तिथे त्यांना कुठेच चालत जायचं नाही.