आडवी बाटली की सरसकट बंदी? सीमेवरच्या गावानं काय मागावं

आमच्या बचत गटाच्या बैठकीत परवा तीन बायांनी तीन मागण्या मांडल्या. एक म्हणाली, बायांचं मतदान घेऊन बाटली आडवी करू, म्हणजे गावातलं देशीचं दुकान बंद करू. दुसरी म्हणाली, एका दुकानानं काय होतंय माय, गुजरातसारखी सगळ्या राज्यातच बंदी मागू. तिसरीचं माहेर तेलंगणातलं. ती म्हणाली, दुकान राहू द्या, पण पानटपरीवर, किराणात, घराघरात जी विकली जाते ती आधी थांबवा. ग्रामसभेत ठराव एकाच गोष्टीचा करायचा आहे. म्हणून तिन्ही वाटा शेजारी ठेवून बघते.

नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्यात राहणाऱ्याला राज्याराज्यातला फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही. एका अंगाला मदनूर, दुसऱ्या अंगाला औराद, म्हणजे तेलंगण आणि कर्नाटक दोन्ही तासाभरात. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. आता एकाच आठवडी बाजाराला येणाऱ्या माणसांना तीन कायदे लागू होतात, कारण घटनेनं दारू हा विषय राज्यांकडे दिला आहे. कलम 47 दारूबंदीकडे जायला सांगतं, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, सक्ती नाही. दारूवरचा कर राज्याच्याच तिजोरीत जातो आणि तिथंच सगळं अडतं.

आधी सरसकट बंदीचं बघू, कारण मनाला तीच जास्त पटते. गुजरातचा आणि आपला कायदा मुळात एकच, 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. 1960 मध्ये राज्यं वेगळी झाली. गुजरातनं बंदी चालू ठेवली आणि आपण परवान्याची वाट धरली. आपल्याकडे पिणाऱ्यालाही परवाना लागतो, तो या जुन्या कायद्याची खूण म्हणून. तिथं दुकान नाही हे खरं. पण 2009 मध्ये अहमदाबादेत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, 2022 मध्ये बोटादकडे चाळीसच्या वर गेली. बिहारनं एप्रिल 2016 पासून पूर्ण बंदी केली. त्याच बिहारात डिसेंबर 2022 मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूनं घरंच्या घरं उघडी पडली. पिणाऱ्यांवरच्या खटल्यांनी कोर्टं इतकी तुंबली, की पहिल्यांदा सापडलेल्याला दंड घेऊन सोडायची दुरुस्ती 2022 मध्ये करावी लागली. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ला बंदी आली आणि 2021 ला उठली.

आपल्या शेजारचंच उदाहरण सांगते. 1992 मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बाया अरक म्हणजे तिकडच्या स्वस्त दारूविरुद्ध उभ्या राहिल्या आणि चळवळ आंध्रभर पसरली. अरक बंद झाला, 1995 मध्ये एन. टी. रामाराव यांच्या सरकारनं पूर्ण बंदी आणली. तेलंगण तेव्हा आंध्रातच होतं. 1997 मध्ये ती बंदी गेली. बाया कुठं कमी पडल्या नव्हत्या. पण राज्यानं दिलेली बंदी राज्य परत घेऊ शकतं आणि त्या वेळी गावाला कुणी विचारत नाही.

आज पलीकडे तेलंगणात 2,620 दुकानं आहेत आणि ती दोन-दोन वर्षांसाठी सोडतीनं देतात. 2025 च्या सोडतीत नुसत्या अर्जाची फी 3 लाख होती, तीही परत न मिळणारी. वर वर्षाची परवाना फी लोकसंख्येप्रमाणे 50 लाखांपासून पुढं. एवढा पैसा आधी ओतलेला माणूस दोन वर्षांत तो वसूल करणारच. मग दुकानातला माल खेड्यापाड्यातल्या घरांत जातो, त्याला तिकडे बेल्ट शॉप म्हणतात. किती गावांनी आपापले ठराव करून बेल्ट शॉपवाल्याला दंड ठेवलेत. आमच्या तिसऱ्या बाईची मागणी तिथूनच आली आहे आणि ती खोटी नाही. शिंदीचीही तीच गत. तिथं ती कायदेशीर आहे, पण तिच्यात क्लोरल हायड्रेट हे गुंगीचं रसायन मिसळल्याची प्रकरणं वारंवार निघतात.

कर्नाटकानं जुलै 2007 पासून सारायी बंद केली. गरिबाची स्वस्त दारू गेली आणि तिच्या जागी स्वस्त व्हिस्कीचे छोटे पुडे आले. जानेवारी 2019 मध्ये तिथल्या बाया चित्रदुर्गहून बंगळुरूपर्यंत बंदीसाठी चालत गेल्या. आपल्याकडे बाईच्या हातात मतपत्रिका आहे. तिकडे तिला राजधानीपर्यंत पाय झिजवावे लागले. राजस्थानात मात्र आपल्यासारखी सोय आहे. 2016 मध्ये राजसमंद जिल्ह्यातल्या काछबलीनं तशीच मतदानानं दुकान घालवलं.

आता आपली मतपत्रिका. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा. सह्या तपासल्या जातात, मग गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. लिहिता-वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही ते कळतं.

बहुतेक गावं आकड्यात फसतात. आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. यादीत 800 बाया असल्या तर 401 हव्यात. समजा 500 आल्या आणि 390 जणींनी आडवी केली, तरी दुकान चालूच राहतं. घरी बसलेली बाई, पुण्याला कामाला गेलेली बाई, मरून गेलेली पण यादीत राहिलेली बाई, ह्या सगळ्या उभ्या बाटलीच्याच खात्यात जमा होतात.

म्हणून माझं ठाम मत आहे, की मुखेड, कंधारपासून बीडपर्यंत ज्या गावातून ऊसतोडीला टोळ्या जातात, तिथं दिवाळी ते गुढीपाडव्याच्या मधे हे मतदान कुणी लावू दिलं तरी घेऊ नये. ज्या बाईचं घर दारूनं सर्वात जास्त पोळलंय, तीच तेव्हा कोयता घेऊन कारखान्यावर असते. मागच्या आठवड्यात यादी पुढ्यात घेऊन आम्ही पाचजणी ओसरीवर बसलो. एकीनं नावं वाचायची, बाकीच्यांनी सांगायचं. हाय, गेली, कारखान्यावर, वारली. तिसऱ्या पानावर वाचणारीच थांबली. सासूचं नाव होतं. चार वर्षं झाली तिला जाऊन.

दुकान आडवं झालं तरी हातभट्टी आडवी होत नाही, हेही आधीच सांगून ठेवते. मतदान फक्त परवान्याच्या दुकानाला लागू पडतं. गावात परवान्याचं दुकानच नसेल आणि दारू चोरून येत असेल, तर आडव्या बाटलीच्या मागं लागू नका, तुमचं काम वेगळं आहे. त्यासाठी 2016 च्या दुरुस्तीतलं ग्रामरक्षक दल आहे. ग्रामसभेच्या ठरावानं ते बनतं, पोलीस आणि उत्पादन शुल्क विभागाला माहिती देतं. सीमेवर याची जास्त गरज आहे. तेलंगण-कर्नाटकातली बाटली परवान्याशिवाय इकडं आणणं गुन्हा आहे, गाडीही जप्त होते, पण मोटारसायकलच्या डिकीतून आलेल्या चार क्वार्टर कुणी तरी सांगितल्याशिवाय सापडत नाहीत. जून 2025 च्या करवाढीनंतर आपल्याकडे देशीची 180 मिलीची बाटली किमान 80 रुपयांना आहे. इकडं महाग झाली की पलीकडून आणायची ओढ वाढते.

आमच्या गावात परवान्याचं दुकान शाळेच्या वाटेवरच आहे, म्हणून मी पहिल्या बाईच्या बाजूनं मत देणार. ग्रामरक्षक दलाचा ठराव त्याच ग्रामसभेत, त्याच दिवशी मांडायचा. नाहीतर दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीत विक्री सुरू होईल आणि लोक आपल्यालाच बोल लावतील. अर्ज देण्याआधी उत्पादन शुल्क कार्यालयातून मतदानाच्या आदेशाची ताजी प्रत हातात घ्या, तोंडी सांगण्यावर जाऊ नका. मृत नावं वगळायचे अर्ज आत्ताच भरा, त्याला वेळ लागतो. सह्या मात्र टोळ्या परत आल्यावर, पाडव्यानंतरच घ्यायच्या. कारखान्यावर गेलेल्या बायांच्या नावापुढं आम्ही लाल पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्यात.